किसनदादा गेले, असं मी आधीच सांगितलं होतं

किसनदादा गेल्याची बातमी मला त्यांच्याच नंबरवरून कळली. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी लॉन्सच्या ऑफिसात एका साखरपुड्याची तारीख वहीत टिपत होते आणि सवयीने मोबाइल उघडला, तर त्यांच्या स्टेटसला त्यांचाच फोटो आणि फोटोला हार. माझं डोकं सणकलं. म्हटलं, त्या जुन्या अफवेवरून कुणीतरी चावटपणा केलाय. तसाच फोन लावला. त्यांच्या बायकोने, सुरेखावहिनींनी उचलला. मी नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "वहिनी, हे स्टेटस कुणी लावलंय? आधी काढायला सांगा बरं." मग त्या म्हणाल्या, "ताई, या येळंला खरं हाय." पुतण्याने स्टेटस लावलं होतं. पहाटे छातीत कळ आली, पौडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मी फोन ठेवला आणि समोर बसलेल्या मुलीच्या वडिलांना म्हणाले, "हां, तर हॉल एसी हवा की नॉन-एसी?" माणूस असं का वागतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

"या वेळेला खरं" असं एखाद्याच्या मरणाबद्दल म्हणावं लागतं, याचा अर्थ त्याआधी ते कधीतरी खोटं झालेलं असतं. ते खोटं कुणाचं होतं, ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे. किसनदादांवर लिहायला त्यांच्या गावात, कासार आंबोलीत, माझ्याहून जवळची चार माणसं सापडतील. पण ही गोष्ट गेल्या गुरुवारपर्यंत त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

मी पौड रस्त्यावर भुकूमच्या अलीकडे एका लॉन्समध्ये बुकिंग घेते. बारा वर्षं झाली. मालकांच्या वडिलांच्या काळात तिथे भाताची खाचरं होती, आता हिरवळ, दोन स्टेज आणि एक हॉल आहे. मी कोथरूडची, बोलायला चुरचुरीत, म्हणून मला ठेवलं. माझं काम म्हणजे माणसांना हसतमुखाने 'नाही' म्हणणं. किसनदादांची पहिली भेट तिथेच झाली. एका लग्नाला साउंड घेऊन आले होते. डीजे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काळा टी-शर्ट, उलटी टोपी, गळ्यात साखळी असलं काहीतरी होतं. समोर उभे होते ते पन्नाशीकडे झुकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. मोकळ्या मांडवात मधोमध उभं राहून त्यांनी तीनदा टाळी वाजवली, मान वाकडी करून ऐकलं आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "ताई, पावण्यांत कुनाचं हार्टचं आपरेशन झालंय का? म्हातारी माणसं कुठल्या अंगाला बसनार?" मी म्हटलं, मला काय माहीत? तर ते स्वतः जाऊन वधूच्या आजोबांना विचारून आले आणि चार माणसं लागणारे स्पीकरचे दोन खोके तेवढ्यासाठी उचलून पलीकडे नेले.

त्यांचे असले नियम पुष्कळ होते. मंगलाष्टकांच्या वेळी ते सगळी यंत्रणा बंद करून टाकत, फक्त भटजींचा माइक चालू. म्हणत, अक्षता पडतात त्याचा आवाज यायला पाहिजे. आणि पाठवणीला गाणं लावत नसत. आजकाल पाठवणीला धूर सोडतात, रडकं सिनेमाचं गाणं वाजवतात, मग कॅमेरावाला सांगतो, "आई, पुन्हा एकदा मिठी मारा." किसनदादा त्या वेळी हात बांधून उभे. एकदा नवरदेवाच्या मित्रांनी फारच आग्रह केला, तर म्हणाले, "अरं, रडू दे की त्यांना. त्यांचं त्यांना ऐकू येऊ दे." मित्र चिडले. मुलीची आई मात्र नंतर ऑफिसात येऊन त्यांचा नंबर लिहून घेऊन गेली. असे नंबर लिहून घेणारे खूप होते. त्यांचा धंदा चालायचा तो असा, एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, तोंडातोंडी. जाहिरात म्हणून काही नाही. टेम्पोवर नावसुद्धा रंगवलेलं नव्हतं.

कार्यक्रम नसेल तेव्हाही जाता-येता ते ऑफिसात डोकवायचे. चहा प्यायचे, बशीत ओतून. येताना कधी वालाच्या शेंगा, कधी घरच्या इंद्रायणीची पिशवी. मी चिडवायची, "दादा, ही लाच का?" ते म्हणायचे, "लाच आसती तर बासमती आनला नसता व्हय?" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पैशाचं नाव काढू दिलं नाही. तिच्या पाठवणीलाही गाणं नव्हतं. मी रडले ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग धाकटे मालक कारभार बघायला लागले आणि 'पॅनल' आलं. कल्पना साधी होती. लॉन्स बुक करणाऱ्याने साउंड आमच्या यादीतलाच घ्यायचा. यादीतल्या साउंडवाल्याने प्रत्येक कार्यक्रमामागे लॉन्सला कमिशन द्यायचं. पहिल्यांदा दहा टक्के ठरलं तेव्हा किसनदादांनी हूं की चूं केलं नाही. "तुमी गिऱ्हाईक देता, मी देतो. त्यात काय वावगं?" म्हणाले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण त्यातला एक लहानसा वाटा माझ्या पगारात यायचा. पुढे दहाचे वीस झाले, विसाचे तीस. यादीतल्या बाकीच्यांनी सरळ आपले दर वाढवले. शेवटी ते जातं मुलीच्या बापाच्या खिशातून, त्याला काय कळतंय! किसनदादा वाढवेनात. मी त्यांना समजावलं, अगदी बहिणीच्या अधिकाराने. ते ऐकून घेत बसले आणि म्हणाले, "ताई, उद्या त्यो माणूस मला इचारील, किसन, पर्वा माझ्या भावाला येवढ्यात केलंस, मला जास्त का? तवा मी काय सांगू? हिरवळीचं भाडं सांगू?" त्या दिवाळीनंतर ते पॅनलमधून बाहेर पडले. भांडण नाही, तंटा नाही. यादी नव्याने छापली, त्यात त्यांचं नाव नव्हतं, एवढंच. चहाला येणं तसंच राहिलं.

आता ती गोष्ट.

महाळुंग्याहून एक बाई आल्या होत्या, मुलीच्या लग्नासाठी. भाचीच्या लग्नात त्यांनी किसनदादांचं काम पाहिलेलं. यादी त्यांच्यापुढे ठेवली तर त्या यादीकडे बघेचनात. "ते पांढऱ्या शर्टातले होते ना, तेच हवेत." मी म्हटलं, ते आमच्या पॅनलवर नाहीत. म्हणाल्या, मग आम्ही बाहेरून बोलावतो. मी म्हटलं, बाहेरचा साउंड चालत नाही. त्या म्हणाल्या, मग आम्ही दुसरं लॉन्स बघतो. आत धाकटे मालक बसले होते, काचेतून माझ्याकडे बघत. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी वैतागून म्हणाले, "अहो, ते गेले आता."

गेले म्हणजे आमच्याकडून गेले. पॅनल सोडून गेले. माझ्या मनात तेवढंच होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बाईंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! कधी?"

तेव्हा एक क्षण होता. अगदी पुरेसा मोठा. "तसं नाही हो" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "झाले दोन महिने." तेही खरंच होतं, दिवाळीपासून मोजलं तर. मी एक अक्षर खोटं बोलले नाही! बाई हळहळल्या, "चांगला माणूस होता हो," असं म्हणाल्या, डोळ्यांना पदर लावला आणि यादी पुढे ओढून घेतली. दहा मिनिटांत बुकिंग झालं. धाकट्या मालकांनी काचेतून अंगठा दाखवला.

एकदा झालं ते जिभेचं घसरणं म्हणता येईल. पण मी ते वाक्य पुन्हा वापरलं. किती वेळा, ते मोजलं नाही. किसनदादांचं नाव घेऊन येणाऱ्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घालण्यापेक्षा "ते गेले हो" हे फार सोपं पडायचं. लोक वादच घालत नसत. गेलेल्या माणसाबद्दल कोण घासाघीस करणार? ऐकणाऱ्याने काय समजायचं ते त्याच्यावर, अशी मी माझी समजूत घातली होती. शब्दाला दोन अर्थ असले की माणूस मधल्या फटीत आरामात राहू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

फाल्गुनात ऐन लगीनसराईत किसनदादा एका दुपारी आले. चहा नको म्हणाले. शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "ताई, जरा बगा बरं ह्यो बिघडलाय का. महिना झाला, वाजतच न्हाई. पुतन्या म्हनतोय रिचार्ज हाय, रेंज हाय. तुमच्या आफिसच्या फोनवरनं एकदा लावून बगा." मी नंबर लावला. तो मला पाठ होता. त्यांचा मोबाइल टेबलावर थरथरत वाजायला लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं... "वाजतोय की!" म्हणाले. "म्हंजे फोन चांगला हाय." त्यांनी तो उचललासुद्धा, कानाला लावला आणि माझ्यासमोर उभं राहून माझ्याशी फोनवर बोलले, "हॅलो, ताई, येतंय का ऐकू?" मी म्हणाले, "येतंय, दादा." दोघेही हसलो. मग त्यांनी चहा घेतला. ते गेल्यावर पुढचं गिऱ्हाईक आलं.

पुढच्याच महिन्यात त्यांना कारण कळलं. अर्धवट कळलं. भुकूमचं एक जोडपं त्यांच्या घरी दुखवट्याला भेटायला गेलं, केळी आणि साखर घेऊन. दार किसनदादांनीच उघडलं. हे सांगायला ते मुद्दाम लॉन्सवर आले, हसून हसून त्यांना ठसका लागत होता. "ती बाई मला बगून मागंच सरली ओ! नवरा म्हनतोय, तुमी कोन? म्या म्हटलं, ज्याचं तुमाला वाईट वाटतंय त्योच मी." मग जरा थांबून म्हणाले, "चांगलंच झालं म्हना. कावळा शिवला की पावण्यांना खोटा सांगावा धाडत्यात का न्हाई? माणूस गेला म्हनून. लोकं रडली की गंडांतर टळतं. माझं आयुष्य वाढलं, ताई. पर सांगावा धाडला कुनी, त्ये काय कळंना."

"लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हणाले. ही म्हण मी माझ्या तोंडाने उच्चारली. तेव्हा सांगता आलं असतं. ते रागावले असते, कदाचित चार दिवस आले नसते. पण मला भीती त्यांच्या रागाची नव्हती. ते रागावले नसते आणि "जाऊ द्या" म्हणाले असते, तर मी काय केलं असतं? शिवाय नोकरी होती. खोटं कशाला बोलू, नोकरीही होती.

त्यांनी आपल्या परीने उपाय केला. रोज सकाळी साउंडसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचे आणि 'शुभ सकाळ' लिहून स्टेटसला लावायचे. मी जिवंत आहे, एवढं त्यांना रोज जाहीर करावं लागत होतं. पण गेलेल्या माणसाचा नंबर लोक ठेवत नाहीत. ज्यांनी पुसून टाकला होता त्यांना ते स्टेटस दिसणार कुठून? दोन हंगाम असे गेले. टेम्पो विकला. शेवटच्या हंगामात ते आमच्याच लॉन्सवर आले, पॅनलवरच्या एका तरुण डीजेकडे रोजावर, खोके उचलायला. मला बघून त्यांनी हात केला. पाठवणीला त्या पोराने धूर सोडला, गाणं लावलं. किसनदादा खोक्याला टेकून उभे होते, हात बांधून. मी जवळ गेले, आज बोलायचंच असं ठरवून. त्या गाण्याच्या आवाजात मी म्हणाले, "दादा, मला तुम्हाला एक सांगायचंय." त्यांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून, आणि हातानेच खूण केली... नंतर. गाणं संपलं तेव्हा त्यांना वायरी गुंडाळायच्या होत्या. नंतर असं काही आलंच नाही.

दशक्रियेला मोजकी माणसं होती. घाटावर मागे उभे असलेले दोघं बोलत होते, "हे तर मागंच गेलं व्हतं की?" "तसंच ऐकलं व्हतं आमी बी." दुसऱ्यांदा मरणाऱ्या माणसासाठी रजा कोण टाकतो?

गेल्या गुरुवारी मी कासार आंबोलीला गेले. सुरेखावहिनींनीच बोलावलं होतं. मागच्या खोलीत किसनदादांची सगळी यंत्रणा रचून ठेवलेली आहे, खाली फळ्या, वर प्लॅस्टिकचा कागद. आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते. वहिनींनी कागद बाजूला केला, अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. बारीक हिरवा दिवा लागला आणि खोक्यांतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. गाणं नाही, काही नाही. "दर गुरवारी तासभर चालू ठिवायचं, आसं ह्ये म्हनायचं," त्या म्हणाल्या. "आतून वाळतं. मला दुसरं काय कळत न्हाई त्यातलं." मग पदराला हात पुसून त्यांनी कामाचं काढलं. "ताई, तुमच्या वळखी हायेत. ह्ये इकून द्या कुनाला तरी. तुमचं काय कमिशन आसंल त्ये घ्या, लाजू नका. धंद्याची रीतच हाय ती."

मला तिथे रडू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. महाळुंग्याच्या बाई, पॅनल, "ते गेले आता", पुन्हा पुन्हा वापरलेलं ते वाक्य... सगळं. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"फोन वाजतोय का त्ये बगाया आलं व्हतं तुमच्याकडं. तवा बी तुमाला ठावं व्हतं?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रडल्या नाहीत, मला चार शब्द सुनावले नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी हात जोडले, तर म्हणाल्या, "मला कशाला जोडताय?" आणि अॅम्प्लिफायरच्या दिव्याकडे बघत राहिल्या. मी उठायला लागले, काय करावं ते सुचेना म्हणून बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तास व्हायचाय अजून."

मी खाली बसले. खोली घुमत होती. आम्ही दोघी तास भरेपर्यंत तशाच बसून राहिलो.